वाकळ अंथरायची कुठं?

मे महिन्यातली दुपार होती. आक्का, म्हणजे माझ्या सासूबाई, पलंगावर बसून ट्रंकेतलं एकेक लुगडं मांडीवर घेत होत्या आणि त्यावरून हात फिरवत होत्या. वय ८२. डोळ्यांना आता काठ आणि पदर एवढंच दिसतं, बाकी सगळं हातानं कळतं. मध्येच म्हणाल्या, "पोरगी जुलैत पुण्याला जायची न्हवं हॉस्टेलला? तिला एक वाकळ शिवू या. न्हाईतर मी गेल्यावर ही लुगडी कुणीतरी बोहारणीला द्याल न् एक पातेलं घ्याल."

मी कुकर लावत होते. "हो, शिवू की," असं बोलून गेले. आणि शिटी व्हायच्या आतच लक्षात आलं, आपण काय कबूल करून बसलोय!

मैत्रिणींनो, तुमच्याकडे गोधडी म्हणत असतील, आमच्या सातारा भागात वाकळ. जिनं एकदा तरी ती केली आहे तिला ठाऊक असेल की त्यातलं अवघड काम शिवण्याचं नसतंच. धावदोरा काय, गप्पा मारता मारताही घालता येतो. अवघड असतं ते त्याच्या आधीचं. चार-सहा थर एकावर एक अंथरायचे, कुठेही झोळ राहू द्यायचा नाही आणि लांब लांब कच्च्या टाक्यांनी सगळे थर एकमेकांना टाचून घ्यायचे. एकदा हे नीट झालं की वाकळ कुठंही न्या, मांडीवर घ्या, गुंडाळून ठेवा, थर हलत नाहीत.

मी हे लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात शिकले, तेही फजिती होऊन. घाई होती म्हणून चार कोपरे टाचले आणि थेट धावदोऱ्याला सुरुवात केली. वरून कापड कसं छान गुळगुळीत! अर्धी वाकळ झाल्यावर उलटी करून पाहिली तर खालच्या थराची मधोमध चुणी. आक्कांनी एकदा हात फिरवला आणि एकच शब्द बोलल्या, "उसव." आठ दिवसांचं काम मी दोन दिवस उसवत बसले होते. रडले, ते वेगळंच.

तेव्हा निदान जागा तरी होती. गावाकडच्या घराचा सोपा चांगला लांबरुंद. सकाळी सारवायचं, वाळलं की त्यावर घोंगडं, घोंगड्यावर लुगडं. चारी बाजूंनी चौघी बसायच्या. कोपऱ्यांवर वजन म्हणून वरवंटा, तांब्या, अडकित्त्याचा डबा, जे हाताला लागेल ते. काम संपलं नाही तरी काही बिघडत नसे. तसंच पडलेलं असायचं, येणारा-जाणारा कडेनं जायचा. आता आम्ही वाईत दोन खोल्या-हॉल-किचनमध्ये राहतो. सोपा राहिला नाही, चौघी राहिल्या नाहीत आणि माझा उजवा गुडघाही पूर्वीचा राहिला नाही. डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच सांगून ठेवलंय, मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही. आता उकिडवं न बसता वाकळ कशी टाचायची, हे मात्र डॉक्टरांना विचारायचं राहून गेलं.

तरी म्हटलं, हॉलमध्ये करून बघू. टीपॉय बाहेर काढला, सोफा भिंतीला सरकवला, फरशी पुसून घेतली. आक्कांच्या दोन लुगड्यांपैकी एक बऱ्यापैकी धडकं होतं. नऊवारी म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर. त्याचे चार तुकडे केले की प्रत्येक दोन मीटरचा आणि पन्हा सव्वा मीटरच्या आतबाहेर, एका माणसाच्या वाकळेचं माप अगदी बरोबर बसतं. यातले दोन चांगले तुकडे खाली-वर लावायला आणि दोन आत. शिवाय दुसऱ्या विरलेल्या लुगड्याचे दोन तुकडे. सहा थर. पुण्याच्या थंडीला पुरे झाले. सगळे आधीच धुऊन, वाळवून, इस्त्री करून ठेवले होते. (हे चुकवू नका. नवं आणि जुनं कापड एकत्र असेल तर धुतल्यावर नवं आटतं, जुनं नाही, आणि मग वाकळ आंब्याच्या सालीसारखी सुरकुतते.)

फरशीवर खालचा थर अंथरला. शेणानं सारवलेल्या जमिनीवर कापड धरून राहायचं, टाइलवर ते सरकतं. एक बाजू ओढली की दुसरी सुटते. मी रांगत रांगत इकडून तिकडे. तिसरा थर घातला तेव्हा गुडघ्यानं सांगितलं, बास. तेवढ्यात दारात आमच्या ह्यांचे दोन मित्र. "या, या," म्हणत ह्यांनी त्यांना सोफ्यावर बसवलं आणि चौघांचे... सॉरी, तिघांचे पाय माझ्या लुगड्यावर! मी थर गोळा केले आणि चहा टाकायला गेले. सकाळचे दोन तास गेले.

दुसऱ्या दिवशी गच्ची. जागा म्हणाल तर भरपूर. उन्हाच्या आधी उरकू म्हणून सहाला वर गेले. आठ वाजेस्तोवर छान चाललं होतं. मग वारा सुटला. पाचगणीच्या बाजूनं वारा आला की वाईतल्या गच्चीवरचं काहीही जागेवर राहत नाही, हे कपडे वाळत घालताना रोज बघते मी, पण तेव्हा आठवलं नाही. वरचा थर शिडासारखा फुगला. विटा ठेवल्या तर विटांचा लाल डाग काठाला. साडेनऊला फरशी अशी तापली की बसवेना. गुंडाळलं आणि खाली आले.

मग वाटलं, पलंगावर करू. कमरेला आराम, पंखाही आहे. मोठा डबलबेड, त्यावर सहा थर सुरेख बसले. खुर्ची जवळ घेऊन, रेलून, मजेत टाके घातले. एक पूर्ण ओळ झाली, उचलून बघते तर वाकळ उठतच नाही. चादर तिला शिवली गेली होती! लेक हसून हसून लोळली. चादर सोडवली, पण खरं दुखणं चादरीचं नव्हतं. गादी मऊ. सुई दाबली की खाली खड्डा पडतो, आणि प्रत्येक टाक्याला खालचा थर थोडा आत ओढला जातो. वाकळेला पाठ टणक हवी. पलंगावर करायचंच असेल तर गादी काढून नुसत्या प्लायवर करा.

शेवटी कुणीतरी सुचवलं, देवळाचा सभामंडप. दुपारी एक ते चार तिथं कुणी नसतं, सावली असते. गेले. आणि खरं सांगते, तिथं फार बरं वाटलं. शहाबादी फरशी थोडी खरबरीत, कापड धरून ठेवते. पेठेतल्या दोन आज्जी आपणहून आल्या, सुई कुठाय म्हणाल्या. एकीनं मला लांब ओवायची युक्ती दाखवली ती पुढं सांगतेच. पण शेवटी जमीन ती जमीनच. पाऊण तासानं मला उठता येईना. खांबाला धरून उठले. घरी येईपर्यंत गुडघा टम्म. रात्री शेक घेत पडले होते तेव्हा आक्का अंधारात म्हणाल्या, "माझी कंबर चाळीस वर्सं दुखतीय बघ. तुला कधी सांगितलं न्हाई."

मी उठून बसले. "का नाही सांगितलंत आक्का?"

"सांगून काय व्हणार हुतं? कामं सगळी भुईवरच. चूल भुईवर, जातं भुईवर, वाकळ भुईवर. टेबल हुतं घरात एक, मामंजींचं. त्यावर त्यांचे कागद असायचे."

मला झोप लागेना. स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले आणि दिवा लावला. समोर आमचं जेवायचं टेबल. पाच फूट बाय तीन फूट, वर सनमायका. दिवसातून तीन वेळा जेवढा वेळ ताटं असतात तेवढाच त्याचा उपयोग. उरलेला वेळ त्यावर वर्तमानपत्र, ह्यांची औषधं आणि मुलाचं हेल्मेट. या घरात चार बाय सहा फुटांची जागा मी आठवडाभर शोधत होते आणि हे टेबल मला दिसलं नव्हतं, कारण ते 'जेवायचं' होतं!

सकाळी नाश्ता झाल्याबरोबर मी जाहीर केलं, "दोन दिवस सगळ्यांनी खाली बसून जेवायचं."

"खाली?" आमचे हे.

"खाली. पाट काढून ठेवलेत."

आता टेबलावरची पद्धत जरा सावकाश सांगते, कारण ती माझ्या मते कुणालाही जमेल.

पहिली गोष्ट उंचीची. जेवायचं टेबल असतं ३० इंच. बसून जेवायला ठीक, पण उभं राहून काम केलं तर कंबरेतून वाकावं लागतं. स्वयंपाकाचा ओटा त्याहून तीन-चार इंच उंच असतो. मी टेबलाच्या चारी पायांखाली एकेक वीट आडवी ठेवली. वीट तीन इंच जाडीची, म्हणजे टेबल झालं ३३. विटांखाली आणि वर जुन्या रबरी चपलेचे तुकडे कापून घातले, नाहीतर पाय घसरतो. मुलाला हलवून बघायला लावलं. शिवाय एक छोटा पाट खाली ठेवला. उभं राहताना एक पाय त्याच्यावर, थोड्या वेळानं दुसरा. कंबरेला यानं किती फरक पडतो, ते ओट्याशीही करून बघा.

दुसरी गोष्ट मध्य. कापड टेबलापेक्षा मोठं असतं, चारी बाजूंनी लोंबतं, मग मधोमध आलं का नाही हे कळत नाही. टेबलाच्या बरोबर मध्यावर एक चिंचोका चिकटपट्टीनं चिकटवा. प्रत्येक तुकडा आधी चार पदरी घडी करून त्याच्या मधल्या टोकावर नखानं खूण करा. मग कापड टाकताना ती खूण चिंचोक्यावर आली की झालं. बोटाला लागतो तो, बघावंही लागत नाही. ही जागा आक्कांनीच धरली. "मला दिसत न्हाई, पर हे कळतंय," म्हणाल्या आणि सहाही थरांचा मध्य त्यांनीच लावून दिला.

सगळ्यात खालचा थर उलटा, म्हणजे चांगली बाजू टेबलाकडे. त्याच्या कडा टेबलाच्या काठाला चिमट्यांनी धरायच्या. कपडे वाळत घालायचे चिमटे टेबलाच्या जाडीला पुरत नाहीत. ऑफिसात कागदांच्या गठ्ठ्याला लावतात ते काळे मोठे क्लिप घ्या, मुलगा आठ घेऊन आला. कापड ताठ हवं, पण डफासारखं ताणायचं नाही. ताणलेलं कापड क्लिप काढल्यावर मागं जातं आणि वरच्या थराला चुण्या पडतात. मग बाकीचे थर एकेक करून. प्रत्येक थरावर तळहात मधून बाहेर फिरवायचा, कधीही बाहेरून आत नाही.

आता टाके. आपल्याला सवय काठापासून सुरू करायची. कर्नाटकात उत्तर कन्नड भागात सिद्दी समाजाच्या बायका कवंद शिवतात, त्या काठापासूनच फेर धरत आत येतात, पण त्या ठिगळ ठेवलं की लगेच दुमडून पक्कं शिवत जातात, आणि शेवटी कोपऱ्यांना कापडाचं फूल लावतात. त्यांचा हात तसा बसलेला असतो. आपण अख्खे थर अंथरतो तेव्हा कच्चे टाके मधून सुरू करायचे, म्हणजे जी काही सैल हवा-चुणी असेल ती बाहेर ढकलली जाते. देवळातल्या आज्जींची युक्ती इथंच. दोरा वाकळेच्या लांबीपेक्षा थोडा जास्त घ्यायचा, गाठ मारायची नाही. मधून सुई घालून अर्धा दोरा मागं लोंबत सोडायचा. एका बाजूच्या टोकापर्यंत टाके नेले की सुई काढायची, परत मध्यावर येऊन उरलेला अर्धा दोरा ओवायचा आणि दुसऱ्या टोकाला जायचं. गाठ नसल्यामुळे पुढे काढताना एका झटक्यात निघतो. आधी एक ओळ उभी, एक आडवी, मग त्यांच्या दोन्ही अंगाला वीतभर अंतरानं बाकीच्या. टाका दोन-दोन इंचांचा, देखणा असायची गरज नाही. दोरा मात्र पांढरा किंवा पक्क्या रंगाचा घ्या. लाल दोऱ्याचा रंग लागला तर तो जन्मभर दिसतो.

सहा थरांतून सुई वर काढताना कापड उचललं जातं, आणि उचललं की थर हलले. त्यासाठी डाव्या हातात स्टीलचा चमचा धरा. सुईचं टोक जिथं वर येणार तिथं चमच्याची कड दाबायची, टोक तिच्यावर आपसूक चढतं. बोटंही वाचतात. टेबलाच्या सनमायकाला चार ओरखडे उठले, ते मी कबूल करते. ह्यांनी पाहिले, पण काही बोलले नाहीत.

टेबलावरचा भाग झाला की क्लिप काढून अख्खं कापड सरकवायचं आणि राहिलेल्या बाजूचा खालचा थर पुन्हा क्लिपमध्ये धरायचा. इथं घाई केली की सगळं मुसळ केरात. वरचे थर मागं दुमडा, खालचा आधी ताठ करा, मग एकेक थर परत आणा.

टेबल नसेल त्यांचं काय? समोरच्या वहिनींकडे टेबल नाही, त्यांनी माझं बघून ओट्यावर केलं. ओटा रुंदीला दोनच फूट. त्यांनी पडद्याचे दोन दांडे घेतले. खालचे थर एका दांड्याला गुंडाळले, वरचा थर दुसऱ्याला, आणि दोन्ही ओट्यावर आडवे ठेवून पोथीसारखे फूटभर उलगडत, टाचत, पुढं सरकवत नेले. बाळाचं दुपटं होतं म्हणून एका दुपारीत झालं. मोठी वाकळही होईल, पण दांडे लांब लागतील आणि सोबतीला कुणीतरी हवं. सेफ्टी पिनांनीही काहीजणी टाचतात. लवकर होतं, पण पावसाळ्यात पिना आठवडाभर तशाच राहिल्या तर गंजाचे डाग पडतात आणि ते जात नाहीत. अमेरिकेत पूर्वी घरोघरी लाकडी चौकटीवर रजई ताणून बायका भोवती बसत, आणि रात्री जागा हवी म्हणून ती चौकट दोऱ्यांनी छताशी ओढून ठेवत असं वाचलंय. आपल्या घरांत झोपाळ्याच्या कड्या असतातच म्हणा! पण हा प्रयोग मी केलेला नाही.

माझं काम अर्धा तास टाके, दहा मिनिटं आराम, असं चाललं होतं. पहिल्या दिवशी सहा ओळी झाल्या. संध्याकाळी ती तशीच टेबलावर सोडून मी स्वयंपाकाला लागले. किती वर्षांत माझं एखादं अर्धवट काम घरात सगळ्यांच्या समोर पडून राहिलं असेल? आठवत नाही. नेहमी माझंच आधी गोळा होतं. मुलगा हेल्मेट ठेवायला आला, थबकला आणि ते फ्रीजवर ठेवून गेला.

रात्री सगळे पाटावर. ह्यांनी दोनदा पाय बदलले, एकदा भिंतीला टेकले. "खाली बसायची सवय गेली बुवा, पाठ अवघडली," म्हणाले. आक्कांनी खुर्चीतून माझ्याकडे पाहिलं. मी भाकरी वाढली.

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमारास शेवटची ओळ झाली. आक्कांना बोलावलं. त्या काठी बाजूला ठेवून टेबलाला धरून उभ्या राहिल्या. "उभ्यानं वाकळंला हात लावायची ही पयलीच येळ," असं पुटपुटल्या. मग दोन्ही तळहात पसरून मधल्या चिंचोक्यापासून बाहेर, हळूहळू. आपलंच लुगडं. कोणत्या लग्नातलं, कोणत्या सणातलं, त्यांनाच ठाऊक. लेक जवळ उभी होती. आजीचा हात उजव्या कोपऱ्यापाशी थांबला. एकदा पुढं गेला, परत मागं आला.

"हितं. खालून दुसऱ्या थराला. उसव."

मी वाकून पाहिलं. मला काहीच दिसलं नाही. पण दोऱ्याचं टोक धरून ओढलं, गाठ नव्हतीच, वीतभर सरसर निघाला. लेकीनं आत हात घातला आणि बोटभर चुणी सरळ केली.

दारातून हे डोकावले. "मग? आज टेबल मोकळं होणार ना?"

"वाकळ झाल्यावर," आक्का म्हणाल्या, आणि पुन्हा मध्यापासून हात फिरवायला लागल्या.